दोन बोटं लाकूड

आमच्या माजघरात खुंटीला एक ठासणीची बंदूक असायची. शेतीच्या राखणीसाठी सरकारनं दिलेला परवाना बाबांच्या नावावर होता. सिंधुदुर्गात अशी बंदूक तेव्हा बऱ्याच घरांत होती. शिकारीचा रुबाब वगैरे काही नाही. डुकरं भातात शिरली की मांगरातून हवेत एक बार काढायचा, एवढंच तिचं काम. दारू, काथ्या घालून गजानं ठासायचं काम माझं. चाप ओढायचा तो मात्र बाबांनीच. "लायसन माझ्या नावावर हा, तुझ्या नाय," असं ते दरवेळी बजावायचे. घरात माणसं असोत नसोत, त्यांचा नियम तोच.

१९८९च्या पावसाळ्याआधी बाबा पोफळीवरून पडले. डावा खांदा बसला तो बसलाच. हात पोटाशी आखडून राही, पुढे लांबवता येईना. बंदुकीचा दस्ता खांद्याला टेकवला की पुढचा डावा हात नळीखाली पोचायचा नाही. दोनदा त्यांनी बार काढला आणि दोन्ही वेळा बंदूक हातातून निसटता निसटता राहिली. त्या वर्षी डुकरांनी खालच्या कुणग्यातलं निम्मं भात लोळवलं. आई काही बोलली नाही, पण रात्री तिला झोप नव्हती.

मी सतरा वर्षांचा. दस्ता दोन बोटं आखूड केला तर हात पोचेल, हे गणित मला सुचलं. एका दुपारी बाबा नाहीत असं बघून बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि वाडीतल्या सुतारांकडे नेली. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी दस्ता हातात घेऊन बराच वेळ नुसता चाचपला. "ह्या काम माझा न्हय रे," म्हणाले. मग मीच बाबांच्या हाताचं सांगितलं. त्यांनी तळाची पितळी पट्टी काढली, लाकूड कापलं, तासलं, कड गोल केली, पट्टी परत बसवली. पैसे घेतले नाहीत.

बाबांनी संध्याकाळी बंदूक खांद्याला लावली. हात पोचला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बंदूक खुंटीला लावून ठेवली. विचारलं काहीच नाही.

नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक लागली. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करायच्या, आणि नेमकं तेव्हाच गरवं भात कापणीला आलेलं. (डुकरांना आचारसंहिता नसते, हा आमच्याकडचा जुना विनोद.) मी बाबांबरोबर गेलो. हवालदार घाटावरचे होते. पावती लिहिता लिहिता थांबले. दस्त्याच्या टोकाला ताजं, फिकट लाकूड दिसत होतं.

"दस्ता कुणी तासला?"

"मी," बाबा म्हणाले.

हवालदारांनी बाबांच्या आखडलेल्या हाताकडे बघितलं. "ह्या हातानं?"

"होय."

ते क्षणभर तसेच बसले. मग मान खाली घालून पावती पुरी केली.

पुढे नोकरीत १९५९चा शस्त्र कायदा वाचायची वेळ आली, तेव्हा ती दुपार परत आठवली. बंदूक बनवणं-विकणंच नव्हे, तर दुरुस्त करणं, तिच्यात बदल करणं, यालाही परवाना लागतो. सुटे भागही बंदुकीतच धरले आहेत. म्हणजे आबा अडकले असते. कायदा मला मूर्खपणाचा वाटला नाही. नळी आखूड करायला तर वेगळं कलमच आहे, आणि ते का, हे कुणालाही कळेल: आखूड बंदूक धोतराखाली लपते. आमची नळी शाबूत होती. पण एकदा ज्याला त्याला आपापल्या सोयीनं कापायची मुभा दिली, की कुणाची सोय डुकरांसाठी आणि कुणाची माणसांसाठी, हे ठरवायचं कुणी? हे मला पटतं. आणि तरी आबांनी त्या दुपारी नाही म्हणायला हवं होतं, असं मला आजही म्हणवत नाही. चूक होती ती माझी. मी विचारलं नाही, अर्ज केला नाही, आणि ज्यांना धोका होता त्यांना तो सांगितलाही नाही. त्याची किंमत बाबांनी दिली, तीही त्यांच्यापाशी होती त्या एकाच चलनात.

ठाण्यातून परतताना ते एसटी येईपर्यंत गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "तू माका खोटा बोलूक लायलंस." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

निकालानंतर बंदूक परत आली. बाबांनी मला आबांकडे पाठवलं, असं काम पुन्हा कुणाचं करू नका म्हणून सांगायला. आबा रंधा मारत होते. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, भुसा झटकला आणि विचारलं, "दस्तो बरो बसलो मां खांद्याक?"