बरणीतला कर्ता

आपोआप घडलेल्या गोष्टीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न न्यायालयात जितका अवघड, त्याहून घरात अधिक अवघड असतो. घरात पुरावा कोणी मागत नाही, आणि म्हणूनच तेथे पळवाटा पुष्कळ सापडतात. आमच्यापुढे हा प्रश्न उभा केला तो जांभळाच्या रसाने भरलेल्या एका काचेच्या बरणीने.

माळव्यातील जुन्या घरांना जांभळाचा सिरका परका नाही. पहिला पाऊस पडून गेला की इंदूरच्या बाजारात जांभळांच्या टोपल्या येतात. रस काढून, फडक्याने तोंड बांधून बरणी ठेवून द्यावयाची, आणि पुढे काही महिन्यांनी जेवणानंतर चमचाभर सिरका पाण्यातून घ्यावयाचा, अशी रीत. आमच्या घरची ही विद्या आजीबरोबर गेली. गेल्या वर्षी ती पुन्हा आणावी असे मनात आले, आणि त्या निमित्ताने काही वाचन झाले. तेव्हा कळले की, रसाचा सिरका थेट होत नाही. आधी रसातील साखरेचे मद्य होते आणि मग त्या मद्याचे हवेच्या संगतीत आम्ल होते. म्हणजे व्रतवैकल्ये करणाऱ्या आमच्या आजीच्या फडताळात दरवर्षी काही आठवडे मद्य नांदत होते. या शोधाने आम्हांस हसू आले. त्या हसण्यातूनच एक मोह जन्मला : सिरक्यापर्यंत जायचेच कशाला? मधल्या मुक्कामावर थांबून पाहावे.

नवशिक्यास ही कृती फसवी सोपी वाटते. किण्वाचे सूक्ष्म जीव फळाच्या सालीवर असतातच. खात्री हवी असेल तर वाइनसाठीचे निराळे यीस्ट घालतात. बाजारातील डब्यातला रस घेतल्यास त्यात टिकाऊपणासाठी सोडियम बेन्झोएटसारखे द्रव्य नाही ना, हे पाहावे लागते, कारण तेच किण्वाला रोखते. एक लिटर रसात सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की मद्यार्काचे प्रमाण एक टक्क्याने वाढते, असा ढोबळ हिशेब आहे. जांभळात द्राक्षाहून साखर कमी, म्हणून वरून साखर घालावी लागते. आंबताना कर्बवायू सुटतो. बरणीचे झाकण घट्ट लावले तर ती फुटण्याचे भय, आणि उघडी ठेवली तर सिरका होण्याचे. म्हणून झाकणातून नळी काढून तिचे टोक पाण्यात बुडवतात. आम्ही हे सर्व यथासांग केले. तिसऱ्या दिवशी पाण्यातून बुडबुडे येऊ लागले, आणि एखादे मूल पहिले पाऊल टाकताना पाहावे तसे आम्ही ते पाहत बसलो.

दहाव्या दिवशी, आमच्या घरी बारा वर्षे कामास येणाऱ्या बाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "बाबूजी, या बास तो म्हारा घर की है."

त्यांच्या स्वरात आरोप नव्हता. त्यांच्या यजमानांचे पिणे आम्हांस ठाऊक होते. इतकेच नव्हे, तर त्या गृहस्थांना समोर बसवून आम्ही दोनदा उपदेशही केला होता. आता त्या बाईंना उत्तर देणे भाग होते. आम्ही म्हणालो, "काही नाही, सिरका घातला आहे." हे उत्तर पूर्ण असत्य नव्हते, आणि हीच त्यातली मोठी खोड होती.

त्या रात्री आम्ही आमच्या बाजूचे सगळे युक्तिवाद मांडून पाहिले. पहिला असा की, आम्ही काही केलेच नाही. केले ते किण्वाने. पाश्चरने १८५७ पासून आपल्या निबंधांतून दाखवून दिले की, आंबणे हे सजीवांचे कार्य आहे. मग कर्ता तो जीव; आम्ही फक्त वाट पाहिली. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्माची कारणे पाच सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. बरणी हे अधिष्ठान, नळी-गाळणी ही करणे, ढवळणे ही चेष्टा आणि तो अदृश्य जीव हे दैव, अशी मांडणी करता येते. पण मांडणी पुरी करताच लक्षात आले की, यादीतले कर्त्याचे स्थान रिकामे राहत नाही. आपणच एकटे कर्ते आहोत असे मानणाऱ्यास गीता चुकीचे ठरवते. पाचांतून आपले नाव खोडून टाकण्याची मुभा ती देत नाही. साखर मोजणारा, नळी बसवून हवा अडवणारा हात आमचाच होता. वाट पाहणेही येथे कृतीच होती, कारण कशाची वाट पाहतो आहोत हे आम्हांस नेमके ठाऊक होते.

दुसरा युक्तिवाद नावाचा. मनुस्मृती सुरापानास महापातकांत गणते. चरकसंहिता मात्र युक्तीने घेतलेल्या मद्याचे गुणही सांगते आणि अतिरेकातून होणाऱ्या मदात्ययाची चिकित्साही. द्राक्षारिष्ट धायटीची फुले घालून आंबवतात, त्यात मद्यार्क आपसूक निर्माण होतो, आणि ते औषधाच्या दुकानात उजळ माथ्याने विकले जाते. संविधानाचे ४७वे कलमही मादक पेयांच्या बंदीचे धोरण सांगताना औषधी उपयोगाचा अपवाद करते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये किराणा-विक्रीच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाइनला दारू म्हणावे की नाही यावरच वाद पेटला होता. नाव बदलले की वस्तूचे नैतिक वजन बदलते, हा आपल्या समाजाचा जुना अनुभव आहे. परंतु नावाचा हा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. मध्य प्रदेशचा आबकारी अधिनियम १९१५चा; परवान्यावाचून मद्य तयार करण्यास तो मनाई करतो. आदिवासींना स्वतःच्या वापरासाठी मोहाची दारू गाळण्याची मर्यादित सवलत आहे, कारण त्यांच्या देवकार्यात आणि पितृकार्यात तिचे स्थान आहे. आमच्या बरणीमागे ना देव होता, ना पितर. होते केवळ कुतूहल आणि आमच्या घरात पोलीस डोकावणार नाहीत हा विश्वास. तो विश्वास त्या बाईंच्या वस्तीत कोणापाशीही नव्हता.

तिसरा युक्तिवाद सर्वांत भक्कम वाटत होता : आमची बरणी निरुपद्रवी आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये येथून जवळच्या उज्जैनमध्ये आणि जानेवारी २०२१मध्ये मुरैना जिल्ह्यात विषारी दारूने गरिबांचे बळी घेतले. अशा मृत्यूंमागे बहुधा मिसळलेले मिथेनॉल असते. फळांच्या रसाच्या साध्या किण्वनात ते अत्यल्प. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे खरेच आहे. पण बाईंनी रसायनशास्त्र विचारले नव्हते. ज्या वासाने त्यांच्या घरातला पगार, झोप आणि मुलांची शाळा हिरावली, तो वास, जेथून त्यांना उपदेश मिळाला, त्याच घरातून आला होता. वस्तू निर्दोष असली तरी ती घरात ठेवून दुसऱ्यास विरक्ती शिकवणे निर्दोष राहत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग उपदेश सोडा, बरणी कशाला सोडता? हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. फळाचे मद्य मुळातच पाप आहे असे आमचे मत झालेले नाही. परवाना घेऊन, उघडपणे, माफक पिणाऱ्याला हीन लेखण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमची चूक मद्यात नव्हती, ती त्या 'काही नाही'मध्ये होती. जी गोष्ट करताना तिचे नाव उच्चारता येत नाही, ती निरागस प्रयोग उरत नाही. आणि नाव उच्चारण्याची आमची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई येताच आम्ही त्यांना सांगितले की, काल बोललो ते अर्धेच खरे होते. मग त्यांच्यासमोरच नळी काढली, ओळखीच्यांकडून आणलेला जुना सिरका विरजणासारखा आत घातला, आणि तोंडाला आजीसारखेच फडके बांधले. हे धैर्य होते की नुसता संकोच, हे आजही आम्हांस निश्चित सांगता येत नाही.

मार्गशीर्षात सिरका गाळला. एक बाटली बाईंना दिली. त्यांनी बूच काढून आधी वास घेतला, आणि मगच ती पिशवीत ठेवली.