न दिसणाऱ्या इंजिनाचा रंग

जुन्या मोटारींच्या लहान प्रतिकृती सुट्या भागांच्या संचांतून जुळविणे आणि रंगविणे हा छंद ज्यांनी दुकानाच्या काचेपलीकडूनच पाहिला आहे, त्यांना त्यात काही तात्त्विक प्रश्न दडलेला असेल असे सहसा वाटणार नाही. परंतु ज्याने असा एक तरी संच मनापासून पुरा केला आहे, त्याला तो प्रश्न इंजिनापाशी भेटल्यावाचून राहत नाही. पुष्कळ संचांत बॉनेट शेवटी गोंदाने कायमचे बंद करावयाचे असते. त्याखाली बसणाऱ्या इंजिनाचा ठोकळा, त्यावरचे कार्ब्युरेटर, पंख्याचा पट्टा, बॅटरीची काळी पेटी हे सर्व निगुतीने रंगवीत बसलेला मनुष्य पुरता जाणून असतो की मोटार पूर्ण झाली म्हणजे यांतले काहीच कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. तरीही तो रंगवितो. फलाची आसक्ती टाकून कर्म करावे हा उपदेश आपण बाळपणापासून ऐकत आलो. पण तो उपदेश रणांगणावर उभ्या असलेल्या क्षत्रियाला, म्हणजे ज्याचे कर्म आधीच नेमून दिलेले आहे अशा माणसाला केलेला आहे. येथे ना कोणाचा हुकूम, ना स्वधर्माचे बंधन, ना लोकसंग्रहाचा हेतू. ज्या कर्माला कर्तव्याचाही आधार नाही आणि फलाचीही आशा नाही, त्याला उपासना म्हणावे की मोह म्हणावे, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे, आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही.

ज्यांना या कामाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा तपशील देणे अवश्य आहे. पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने भरून हे भाग काढलेले असतात आणि ते एका चौकटीला, जिला करणारे लोक स्प्रू म्हणतात, लटकलेले असतात. साच्याच्या दोन अर्ध्यांच्या सांध्याची बारीक रेघ प्रत्येक भागावर उमटलेली असते. ती कानशीने आणि ओल्या पॉलिश पेपरने घालवावी लागते. तत्पूर्वी सर्व भाग साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावे लागतात, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश उरला तर रंग धरत नाही. मग प्रायमर, मग रंगाचे पातळ हात, आणि दोन हातांच्या मध्ये निमूटपणे वाट पाहणे. यातला गोंद नुसता चिकटवीत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो, म्हणून जेथे सांधा यावयाचा तेथला रंग खरवडून मूळ प्लास्टिक उघडे करावे लागते. इनॅमलवर लॅकर मारले तर लॅकरचे थिनर खालचा थर उचलून टाकते, म्हणून कोणत्या रंगावर कोणता रंग याचाही एक जाबता आहे आणि तो मोडणाऱ्याला क्षमा नाही. शुचिता, क्रम आणि प्रतीक्षा या तीन गोष्टींवाचून कोणताही पूजाविधी सिद्ध होत नाही. येथेही होत नाही. हे साम्य वरवरचे आहे असे कोणी म्हणेल, पण हाताला लागलेली शिस्त मनाला वेगळी म्हणून ओळखता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

छंद अर्थात परदेशातून आलेला आहे. विसाव्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतल्या रेव्हेल कंपनीने ‘हायवे पायोनियर्स’ या नावाने आद्यकाळच्या मोटारींचे १:३२ प्रमाणाचे संच काढले. इंग्लंडात एअरफिक्सने त्याच प्रमाणात जुन्या मोटारी आणल्या. आणि १९५८ पासून अमेरिकेच्या एएमटीने एकाच खोक्यातून तीन प्रकारे बांधता येईल अशी चालू वर्षाची मोटार १:२५ प्रमाणात विकावयास सुरुवात केली. त्या काळी नवे कोरे असलेले हे संच आज स्वतःच पुराणवस्तू झाले आहेत, आणि त्यातून जो एक विचित्र पेच उत्पन्न होतो त्याकडे मी पुढे वळणार आहे.

मौजे वडगाव निंबाळकर, तालुका बारामती, येथे बसून मोटारींचा विचार करणे कोणाला अप्रासंगिक वाटू नये. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या पट्ट्याचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पालटत गेले, आणि त्याच नीरेच्या खोऱ्यात, खाली इंदापूर तालुक्यात, वालचंद हिराचंद यांनी उसाची लागवड करून साखर कारखाना उभारला व आपल्या नावाचे नगर वसविले. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या या पुरुषाला हिंदुस्थानात जहाजे, विमाने आणि मोटारी बनविल्या जाव्यात असा ध्यास होता. त्यांपैकी मोटारीचा ध्यास प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या रूपाने १९४४ साली फलद्रूप झाला आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन धर्तीच्या व पुढे फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. यांतलीच फियाट ११०० पुढे सत्तरीच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, आणि काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईच्या दोन पिढ्यांनी तिच्यातून प्रवास केला. टॅक्सीला घालून दिलेली वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. जिचा निर्माता आमच्याच नदीच्या काठचा ऊस पिकवीत होता, ती गाडी भंगारात जाताना पाहून मला जे वाटले ते केवळ स्मरणरंजन नव्हते. आयता संच हाती नसल्यामुळे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून तिचे अंग कापून, चाके दुसऱ्या एका संचातून घेऊन, मी ती १:२४ प्रमाणात घडवावयास घेतली.

आता १:२४ म्हणजे काय याचा नीट विचार केला पाहिजे. सुमारे चार मीटर लांबीची गाडी सोळा-सतरा सेंटिमीटरांत येते, हे सहज ध्यानात येते. परंतु लांबी चोविसाव्या हिश्श्यावर आली की आकारमान चोविसाच्या घनाने, म्हणजे १३,८२४ पटींनी उतरते. जवळपास नऊशे किलोंची गाडी तशाच पोलादातून हुबेहूब घडविली तर तिचे वजन पासष्ट ग्रॅम भरेल. याहूनही विस्मयकारक गोष्ट रंगाची आहे. खऱ्या टॅक्सीवरचा काळा रंग जसाच्या तसा प्रतिकृतीवर लावला तर तो खोटा दिसतो, अधिक गडद दिसतो, कडा व खाचा गिळून टाकतो. कारण पूर्ण आकाराची वस्तू आपण मधल्या हवेतून आणि मोकळ्या उजेडातून पाहिलेली असते. म्हणून जाणता मनुष्य काळ्यात किंचित करडा आणि पिवळ्यात किंचित पांढरा मिसळतो. धातूची झाक असलेल्या रंगात तर अडचण याहून मोठी, कारण त्यातले चकाकते कण काही लहान होत नाहीत आणि प्रतिकृतीवर ते चोवीसपट मोठे भासतात. तात्पर्य असे की अनुकृती खरी वाटावी म्हणून तिला खऱ्यापासून मोजूनमापून थोडे दूर न्यावे लागते. निर्गुणाला रूप नाही हे पुरते जाणूनच ज्यांनी सगुणाच्या मूर्ती घडविल्या, त्यांच्या हातांना हे सत्य अवगत होते. मूर्ती ही देवाची नक्कल आहे असे त्यांनी कधी मानले नाही. तरी मूर्तिशास्त्राने बोटाबोटाचे प्रमाण ठरवून दिले. नक्कल नसलेल्या गोष्टीला इतके काटेकोर प्रमाण कशाला, असे विचारणाऱ्याला मी एकच सांगेन, की ते प्रमाण वस्तूपेक्षा घडविणाऱ्याच्या चित्तासाठी आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. भाग दुसऱ्याने पाडलेले, क्रम दुसऱ्याने लिहून दिलेला, खोक्यावरचे चित्रही दुसऱ्याचे. मग यात घडविणाऱ्याचे असे काय उरले? याचे उत्तर शोधायला बारामतीच्या पलीकडे जावे लागत नाही. कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने, मोरोपंतांनी एकच रामकथा एकशे आठ रामायणांतून पुनःपुन्हा सांगितली. कथा त्यांची नव्हती, पात्रे त्यांची नव्हती, शेवट साऱ्या जगाला ठाऊक होता. शिवाय त्यांनी स्वतःवर आणखी बंधने घालून घेतली: निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण सर्वथा वर्ज्य केले, परंतु रामायणात ‘परंतु’ हा शब्द गुंफीत नेला. पुढच्या काळात कित्येक टीकाकारांनी याला शब्दांची कसरत ठरविले. मला तो निवाडा अन्यायाचा वाटतो. ज्याला रामाचे नाव घेण्याचे निमित्त हवे होते, त्याने प्रत्येक नव्या बंधनाबरोबर प्रत्येक अक्षरावर पुन्हा नव्याने लक्ष देण्याचे निमित्त मिळविले. सवयीने जिभेवर येणारा शब्द त्याने स्वतःला वर्ज्य केला, म्हणजे सवयीने होणारे नामस्मरणही वर्ज्य केले. नवे काही उत्पन्न करणे हेच एकमेव सर्जन नव्हे. दिलेल्या वस्तूकडे संपूर्ण लक्ष देणे हेही सर्जन आहे, आणि आपल्या कीर्तनकारांनी, प्रवचनकारांनी, पोथी वाचणाऱ्या घरोघरच्या स्त्रियांनी शतकानुशतके याच सर्जनावर धर्म जिवंत ठेवला आहे.

तरी मोहाचा प्रश्न उरतोच, आणि तो प्रतिकृती पूर्ण झाल्यावर अधिक तीव्र होतो. आपल्या धर्माने प्रतिकृतीला कधी नाकारले नाही. ज्याच्या दारी बैल नाही त्याच्या घरी मातीचे बैल पुजले जातात आणि त्यांना पुरणपोळीचा नैवेद्य मिळतो. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले तेव्हा त्यांनाही माळा पडल्या. दसऱ्याला तर मोटारच हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा लेवून उभी राहते. परंतु मला सर्वांत विचार करावयास लावतो तो पालाशविधी. जो मनुष्य परमुलखी नाहीसा झाला, ज्याचा देह सापडला नाही, त्याच्यासाठी पळसाचे ३६० देठ घेऊन, मस्तकाच्या जागी नारळ ठेवून, एक पुतळा रचावयाचा आणि त्यावर दहनसंस्कार करावयाचा. कोणत्या अवयवाला किती देठ याचा हिशेब शास्त्राने लावून दिला आहे. जो उरलाच नाही त्याला मोजून, अवयवावर अवयव ठेवून, हाताने पुन्हा रचल्यावाचून त्याला निरोप देता येत नाही, एवढे खोल मानवी सत्य या विधीने ओळखले होते. पद्मिनीच्या दाराची मूठ कापताना मला या विधीचे स्मरण होते, आणि यंत्राच्या संदर्भात ते आणणे मला अनुचित वाटत नाही, कारण माणसाचे अर्धे आयुष्य तो ज्या वस्तूंतून वावरला त्यांत सांडलेले असते.

पण पळसाचा पुतळा अग्नीत जातो. पार्थिव गणपती पाण्यात जातो. आपली परंपरा घडविण्याला जितकी उदार, तितकीच ठेवून घेण्याबद्दल सावध आहे. माझी मोटार फळीवर राहते. येथेच मोह शिरत नाही काय? या प्रश्नाशी पुष्कळ झगडल्यानंतर मी ज्या निर्णयाला आलो तो असा: पूर्ण झालेली प्रतिकृती ही पूजेची मूर्ती नव्हे, ते निर्माल्य आहे. पूजा जी घडावयाची ती कानस, पॉलिश पेपर आणि रंगाच्या पातळ हातांत घडून गेली. निर्माल्य आपण पायदळी तुडवीत नाही, त्याचा मान राखतो; परंतु त्यावर पुन्हा देव मांडीत नाही, आणि ते साठवून श्रीमंत होण्याचा विचार तर कोणाच्या मनात येत नाही. एक मोटार पुरी होताच करणाऱ्याचे मन आपोआप दुसऱ्या खोक्याकडे वळते, याला लोक चंचलता म्हणतात. मला ते चित्त मोकळे झाल्याचे लक्षण वाटते. आणि बॉनेटखालचे न दिसणारे इंजिन तर या दृष्टीने सर्व कामाचा शुद्धतम भाग ठरते, कारण ते रंगवून झाल्या क्षणी निर्माल्य होते, मध्ये कौतुकाचा एकही टप्पा लागत नाही. उपनिषदांतल्या एका झाडावरच्या दोन पक्ष्यांपैकी फळ न चाखता नुसता पाहणारा जो पक्षी, तो त्या इंजिनाचा एकमेव प्रेक्षक आहे. आणि तो रंगविणाऱ्याच्या आत बसलेला आहे, म्हणून बॉनेट बंद झाल्याने त्याचे काही अडत नाही.

हा निर्णय ज्या कसोटीवर घासून पाहावा तो पेच मी आरंभी राखून ठेवला होता. बारामतीच्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या चुलत्यांनी साठीच्या दशकात अमेरिकेहून आणलेला १:२५ चा एक संच आहे, अद्याप न उघडलेला. अशा बंद खोक्यांना संग्राहकांच्या बाजारात जुळविलेल्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक किंमत येते. खोके उघडले, पहिला भाग कापला, की ती किंमत गेली. घरात दोन मते आहेत. एक पक्ष म्हणतो, वडीलधाऱ्यांची ठेव आहे, आहे तशी राहू द्यावी. तीस हात लावणे म्हणजे तिचा नाश. त्यांची भावना मी आदराने जाणतो. परंतु ज्या वस्तूचे सारे प्रयोजन जुळविले जाण्यात आहे, तिला न जुळविण्यासाठी जपणे म्हणजे ताटातले अन्न न जेवता त्याची राखण करणे होय, आणि फलासाठीच कर्माकडे पाहणाऱ्याला शास्त्राने कृपण म्हटले ते याच अर्थाने. शिवाय बंद खोक्यातही काळ थांबलेला नसतो. त्या संचांतले मऊ टायर आपल्यातले तेलकट द्रव्य हळूहळू सोडीत असतात आणि त्याला टेकलेले कठीण प्लास्टिक वितळून त्यावर वळ उमटतात. काचांना ते लागले तर काचा निकामी होतात. डेकल्सचा, म्हणजे मोटारीवर चिकटवावयाच्या छापील चिन्हांचा, पारदर्शक थर पिवळा पडतो. जे जपले म्हणून समाधान मानावे, ते आत अंधारात झिजतच असते.

म्हणून मी त्यांना स्पष्ट सांगितले की, खोके उघडावे, टायर प्रथम वेगळे काढून निराळ्या पिशवीत ठेवावेत आणि भाग धुवावेत. डेकल्स पिवळ्या पडल्या असतील तर त्या स्वच्छ पारदर्शक पिशवीत घालून काही दिवस उन्हाच्या खिडकीला चिकटवून ठेवाव्यात, पिवळेपणा पुष्कळसा उतरतो, आणि उन्हाची आपल्या तालुक्यात वाण नाही. बॉनेट उघडे ठेवावयाचे की बंद करावयाचे ते त्यांच्या इच्छेवर आहे. इंजिन मात्र दोन्ही पक्षी सारख्याच काळजीने रंगवावे.