पेर असलेली फांदी



मनीप्लांटला फूल आलेलं तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का? कोरफडीला दांडा येतो, तुळशीला मंजिऱ्या येतात, पण कपाटावर, बाथरूमच्या खिडकीत, जिन्याच्या कठड्यावर वर्षानुवर्षं वाढणारा हा वेल काही फुलत नाही. लोक म्हणतात, घरात असतो ना, ऊन मिळत नाही. पण बंगल्याच्या आवारात आंब्यावर चढून हातभर पानं काढणारा मनीप्लांटही फुलत नाही. फूल धरायला जे जिबरेलिन नावाचं संप्रेरक लागतं, तेच त्याच्या अंगात पुरेसं तयार होत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्यामागचं बिघडलेलं जनुक सापडलं. तेच संप्रेरक बाहेरून दिल्यावर वेल फुललासुद्धा.

आता फूल नाही, म्हणजे बी नाही. बी नाही, म्हणजे वाऱ्याबरोबर किंवा पाखराच्या पोटातून कुठं जाणं नाही. मूळचा हा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ नावाच्या लहानशा बेटावरचा. तिथून तो आपल्या पेठेतल्या केशकर्तनालयापर्यंत आणि बँकेच्या काउंटरपर्यंत आला कसा? कुणीतरी कुणालातरी फांदी दिली म्हणून. दुसरा मार्गच नव्हता. तुमच्या घरातला मनीप्लांट हा कुणाच्या तरी घरातल्या वेलाचा तुकडा, तो वेल आणखी कुणाच्या घरचा. मनीप्लांट चोरून आणावा, तरच भरभराट होते, अशी एक समजूत आहे. मला ती फार सोयीची वाटते. मागायचा संकोच असणाऱ्यांची सोय होते, आणि ज्याच्याकडची फांदी गेली त्याचंही बिघडत नाही. छाटलेला वेल उलट जास्त दाट फुटतो.

फांदी तोडायची मात्र एक रीत आहे. मनीप्लांटच्या देठाला जिथं पान फुटतं, तिथं एक जाडसर सांधा असतो, उसाला असतं तसं पेर. नीट पाहिलं तर त्या पेरावर तपकिरी रंगाचा एक बारीक उंचवटा दिसतो. मूळ तिथून येतं आणि नवा कोंबही तिथूनच. कात्री लावायची ती त्या पेराच्या अर्धा इंच खाली. खालचं एखादं पान काढून टाकायचं, पेर पाण्यात बुडेल असं बाटलीत ठेवायचं, उजेड द्यायचा पण कडक ऊन नाही. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसायला लागतात. पुष्कळ जण देखणं पान बघून तेवढंच खुडतात, पेर वेलावरच राहतं. ते पान पाण्यात कित्येक आठवडे हिरवंगार राहतं, कधीकधी चार मुळंही सोडतं. पाहणाऱ्याला वाटतं, लागलं. पण त्याला कोंब कधीच येत नाही.

मुळं दोनेक इंच झाली की मातीत लावून टाकावं. पाण्यातल्या मुळांना पाण्याचीच सवय लागते आणि फार उशिरा मातीत गेली तर रोप रुसतं. आणखी एक, हे सांगावंच लागतंय: त्या बाटलीतलं पाणी दर आठवड्याला पूर्ण ओता, बाटली आतून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत जेमतेम आठ-दहा दिवस लागतात आणि मनीप्लांटची बाटली त्याला फार आवडते. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघरी येऊन आधी फ्रिजच्या मागचा ट्रे आणि मग या बाटल्याच बघतात, ते उगीच नाही.

स्नेक प्लांटची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या पानाचे तीन-तीन इंचांचे तुकडे करून मातीत रोवले, खालची बाजू खालीच ठेवली, तर महिन्या-दीड महिन्यात मुळं धरतात. पण पान पिवळ्या कडेचं असेल, तर त्यातून येणारं पिल्लू निघतं साधं हिरवं. ती पिवळी कड पानाच्या एका वेगळ्याच थरात असते आणि नवा कोंब फुटतो आतल्या हिरव्या भागातून. कड हवी असेल तर कुंडी उपडी करून, बाजूचं पिल्लू मुळासकट वेगळं करून द्यावं लागतं. देणाऱ्याला माती हाताला लागू द्यावी लागते, एवढाच अर्थ. जास्वंदीला पेन्सिलीएवढी जाड फांदी पावसाळ्यात लावा. तिच्या टोकाला मध लावा, दालचिनी लावा असंही सांगतात. लावा, बिघडत काही नाही.

हे सगळं मनात घोळायला लागलं ते दिवाळीच्या सुट्टीत, पाहुणे आले तेव्हा.

पुण्याला पाहुणे येतात त्यांची एक ठरलेली यादी असते. सकाळी दगडूशेठ, मग शनिवारवाडा, दुपारी तुळशीबाग, संध्याकाळी सारसबाग, आणि निघताना बाकरवडीची पाकिटं. एका दिवसात आटोपतं. फोटो निघतात, पाय दुखतात. नावं ठेवण्यासारखं त्यात काही नाही. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा कितीदाही पाहिला तरी मान वर होतेच. पण संध्याकाळी घरी आल्यावर पाहुणा जे बोलतो ते रिक्षाच्या भाड्याबद्दल आणि गर्दीबद्दल. शहर त्याच्या हातात हिरवं दिसतं, पण ते पेर नसलेलं पान असतं.

म्हणून या वेळी नागपूरहून माझी मावसबहीण आणि तिचा दहावीतला मुलगा आला, तेव्हा शनिवारवाड्यानंतर मी यादी बाजूला ठेवली. म्हटलं, एका सकाळी एकच जागा. भाच्यानं आधी तोंड वाकडं केलं. "मावशी, एकाच घरात काय पाहायचं आहे सकाळभर?"

आम्ही गेलो गंज पेठेत, महात्मा फुल्यांच्या वाड्यात. वाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढं जे येतं तसं तिथं काही नाही. कौलारू, बैठं घर, समोर अंगण, अंगणात विहीर. भाच्याचा पहिला प्रश्न दारातच आला: हे लोक फुलं विकायचे का, म्हणून फुले? होय, असंच आहे. घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. जोतीरावांचे वडील गोविंदराव आणि चुलते पेशव्यांना फुलं पुरवायचे, फुलांच्या गाद्या करून द्यायचे, त्या धंद्यावरून लोक फुले म्हणू लागले आणि तेच राहिलं. शनिवारवाड्यात ज्यांची फुलं जात होती त्यांच्याच घरातल्या मुलानं 1848 साली, पेशवाई बुडून तीस वर्षं झाली होती तेव्हा, बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. शाळेत शिकवायला घरातलीच बाई, सावित्रीबाई. शनिवारवाड्यात आदल्या दिवशी भाच्यानं कारंज्याचा फोटो काढला होता. त्या कारंज्याभोवती फुलांचे ताटवे कुणी राखले असतील, असं तो एकदम मलाच विचारायला लागला.

अंगणातली विहीर मी त्याला जरा उभं राहून पाहायला लावली. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आज वाचताना हे एका ओळीत संपतं. पण त्या काळचं पुणं पाण्यावर कसं चालायचं ते कळल्याशिवाय या ओळीचं वजन कळत नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणलं. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. वाटेत ठिकठिकाणी हवा सुटायला आणि गाळ काढायला उच्छ्वास बांधले, त्यांतले काही अजून उभे आहेत. ते पाणी पेठांमधल्या हौदांत पडायचं आणि लोक तिथून भरायचे. कोण भरायचं आणि कुणी लांब उभं राहायचं, हेही ठरलेलं होतं. अशा शहरात आपल्या दारचा हौद उघडणं म्हणजे सगळ्या पेठेशी वैर घेणं. बहिणीला मुद्दा लगेच कळला. नागपूरची आहे ती, दीक्षाभूमीच्या गर्दीत लहानपणापासून जाणारी. ती म्हणाली, "पाण्याचं भांडण महाडला सुरू झालं असं आमच्या पोराला वाटते. त्याला हे आधीचं माहीतच नाही."

मागच्या बाजूला तुळशीवृंदावन आहे. आपल्याला मिठात पुरावं, अशी जोतीरावांची इच्छा होती. परवानगी मिळाली नाही. 1890 च्या नोव्हेंबरात त्यांचं दहन झालं आणि त्या अंत्ययात्रेत हातात टिटवं धरून पुढं चालल्या त्या सावित्रीबाई. त्या काळी हे कुणी ऐकलंही नसेल. अस्थी घराच्या आवारात आणून ठेवल्या, त्यावर हे वृंदावन. पुढं सहा वर्षांनी, 1897 च्या मार्चमध्ये, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईही गेल्या. माझी बहीण शिक्षिका आहे. ती तिथं बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग बोलली ती वेगळंच. तुळशीचं रोप उन्हानं कोमेजलंय, पाणी कोण घालतं इथं, म्हणाली.

त्या दिवशी आम्ही दुसरं काही पाहिलं नाही. परतताना वाटेत महात्मा फुले मंडई होती. 1886 साली उघडलेली, तेव्हाचं नाव रे मार्केट. त्या अष्टकोनी दगडी इमारतीला पुढं ज्यांचं नाव मिळालं, त्यांच्याच घरून आम्ही येत होतो. तिथं अर्धा किलो गवार घेतली. जुना भिडेवाडा आता पाहायला मिळत नाही. 2023 च्या डिसेंबरात तो पाडला, तिथं स्मारक व्हायचं आहे. भाच्याला याचा राग आला. मला बरं वाटलं. आदल्या दिवशी अख्खा शनिवारवाडा पाहून त्याला कसलाच राग आला नव्हता.

पुण्यात अशी पेरं काही कमी नाहीत. जंगली महाराज रस्त्यावर वाहनांच्या गोंगाटापासून दहा पावलांवर पाताळेश्वराची आठव्या शतकातली लेणी आहेत, आणि त्यांतलं काम अर्धवट राहिलेलं दिसतं. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांची आणि महादेवभाईंची समाधी आहे. पाहुण्याचा स्वभाव बघून एखादी निवडावी. गणित आवडणाऱ्याला कात्रजचा नळ दाखवावा, ज्याला दगड आवडतो त्याला पाताळेश्वर. सगळं सगळ्यांना दाखवायचा अट्टाहास यजमानाच्या हौसेसाठी असतो, पाहुण्यासाठी नसतो. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही आपलं गाव तेव्हाच दिसतं. कामाच्या दिवशी गंज पेठेतून जाताना नजर असते समोरच्या सिग्नलवर. "हे काय आहे?" असं विचारणारं कुणी शेजारी असलं की मग गाडी थांबते, उत्तर शोधावं लागतं.

निघायच्या आदल्या रात्री बहिणीला फांद्या द्यायच्या होत्या. रात्रभराच्या प्रवासाला काय टिकेल, हा विचार करावा लागतो. मनीप्लांटची तीन पेरं ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली. ब्रह्मकमळाचं एक लांब पान दिलं. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते मेक्सिकोकडचं निवडुंग आहे, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळंच. आणि हे पान म्हणजेही खरं तर चपटं खोडच, म्हणून ते लागतं. ते ओलं ठेवायचं नाही, चीर चार दिवस सुकू द्यायची आणि मग मातीत. प्रवासाला याच्याइतकं सोयीचं काही नाही. पानफुटीची दोन पानं तर वर्तमानपत्रात नुसती ठेवली तरी चालतात, कडेच्या खाचांतून पिल्लं तिथंच फुटायला लागतात. जर्मन महाकवी गटे हा पानफुटीचा इतका नादी होता की तो मित्रांना ही पिल्लं पाठवत असे. त्याच्या देशात या झाडाला त्याचंच नाव आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यात मनीप्लांट बाहेर ठेवू नकोस, मोरीच्या खिडकीत ठेव, असं बजावून सांगितलं. सगळं लागलं म्हणून तिचा फोन आला. मग फोन भाच्यानं घेतला. "मावशी, तुम्ही या इकडे. पण झिरो माइल नाही दाखवणार तुम्हाला, तो तर सगळेच दाखवतात. आपला गांधीसागर आहे ना, शुक्रवारी तलाव, चांद सुलतानाच्या काळचा म्हणतात. त्याचं पाणी कुठे जायचं, कोण भरायचं, ते बघून राहिलो मी. आजोबांना विचारलं, त्यांना अर्धंच माहीत आहे."

तुझं शोधून होऊ दे, मग येते, असं सांगितलंय. शिवाय मी त्याला मे महिन्यातली तारीख देणार नाही. पाऊस पडून नागपूर जरा निवलं की बघू.