नाम, स्मृती आणि सर्व्हर

एखाद्या पेढीने आपले डोमेन जुन्या होस्टिंग कंपनीकडून नव्या कंपनीकडे हलवावे, संकेतस्थळ तेथे यथास्थित दिसू लागावे, आणि ग्राहकांची ईमेल मात्र अकस्मात थांबावी, हा प्रसंग व्यवहारात इतका सामान्य आहे की त्यात तत्त्वज्ञानाचा एक प्राचीन वाद दडलेला असेल अशी शंकाही कोणास येत नाही. नाम तेच राहिले म्हणून नामधारी तोच राहिला काय? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षूने रथाच्या दृष्टांताने यवन राजा मिलिंदास पटविले, की अवयवांच्या आश्रयाने चालणारे नाम हा केवळ लोकव्यवहार आहे.

पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखलेली डोमेन-नामव्यवस्था सर्वस्वी याच पक्षाची आहे. तेथे नामाला स्वतःचे वसतिस्थान नाही. आहेत त्या दप्तरातील नोंदी. संकेतस्थळाची नोंद निराळी आणि टपालाची, जिला एमएक्स म्हणतात, ती निराळी. या नोंदी सांभाळणारे नेमसर्व्हर बदलताना ही दुसरी नोंद मागे राहिली, तर पत्र नियमानुसार संकेतस्थळाच्याच सर्व्हरकडे जाते, आणि असा कोणी इसम येथे नाही, असा जबाब घेऊन परतते. नोंद दुरुस्त केली तरी तिच्या जुन्या प्रती मुदत संपेपर्यंत, पुष्कळदा ८६४०० सेकंद म्हणजे एक अहोरात्र, जगभर प्रमाण मानल्या जातात.

याहून विलक्षण प्रकार जुन्या सर्व्हरचा. त्याच्या यादीतून डोमेन काढले नसेल, तर त्याच यंत्रावरील शेजारी पेढीने पाठविलेले पत्र तो बाहेर जाऊच देत नाही. आपणच धनी आहोत या समजुतीने ओसाड पेटीत ठेवून घेतो, आणि पाठविणाऱ्यास पत्र पोहोचल्याचाच भास होतो. अहंकाराचे इतके निर्मळ उदाहरण वेदान्त्यांनाही क्वचितच सापडले असते!

तथापि मला येथे नैयायिकांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. पूर्वी पाहिलेले आज स्मरते, म्हणून पाहणारा व स्मरणारा एकच, असे ते मानतात. आणि व्यापारात देणे, वायदा व शब्द यांची जबाबदारी अशा स्मृतीवाचून उभीच राहत नाही. नव्या सर्व्हरला नाम मिळते, स्मृती मिळत नाही; मागील सारा पत्रव्यवहार जुन्याच जागी पडून असतो. म्हणून नवी पत्रे येऊ लागली एवढ्यावर संतुष्ट होऊन जुने खाते बंद करू नये. जुनी पत्रे आयमॅप या टपाल वाचण्याच्या प्रणालीद्वारे नव्या पेट्यांत उतरवून, ताडून पाहून, मगच तेथील कब्जा सोडावा.