वाटीभर चोरी

माझ्या हातून आयुष्यात फारशा चोऱ्या झालेल्या नाहीत. लहानपणी वाड्यात घरमालकांच्या झाडाचे पेरू पाडले, पण ते वाड्यातल्या सगळ्याच मुलांनी पाडले. तेव्हा ती चोरी नसून सार्वजनिक कार्य होतं. कचेरीतल्या टाचण्या आणि कार्बन पेपर घरी आले, ते आपले आपण आले. एकूण हिशेब स्वच्छ. अशा माणसावर साठी उलटल्यानंतर, पुण्यातल्या एका सभ्य सोसायटीत, पत्नीच्या संगनमतानं शेजाऱ्याचं मांजर चोरण्याची पाळी यावी, याला काय म्हणावं?

'चोरी' हा शब्द आमच्या हिला मान्य नाही. "तो आपला आपण आला," असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं असं की, टाचण्याही आपल्या आपणच आल्या होत्या.

तो आला गेल्या पावसाळ्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत उडी मारून त्यानं ओट्याची पाहणी केली, मग माझ्या आरामखुर्चीत बसून पाय चाटायला सुरुवात केली. अंगानं भरलेला, रंगानं पिवळा, चेहऱ्यावर जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाचा भाव. मी त्याच क्षणी त्याला 'भाऊसाहेब' म्हणालो आणि तेच नाव पडलं. वास्तविक त्याला नाव होतं. तो वरच्या मजल्यावरचा 'सिंबा' होता, हे आम्हांला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या गळ्यात निळा पट्टा होता आणि पट्ट्याला घुंगरू होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी, हा उंदरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न वरच्या मजल्यावरच्या एका नऊ वर्षांच्या मुलानं परस्पर सोडवला होता.

पहिल्या दिवशी आम्ही त्याला दूध दिलं. पावसात भिजून आलेल्याला दूध देऊ नये, असं कोणत्या धर्मात सांगितलंय? चौथ्या दिवशी दुधात साखर पडली. (पुढे वाचनात आलं की, मांजराला गोड चवच कळत नाही, शास्त्रज्ञांनी 2005 साली त्याचं कारणही शोधून काढलं. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध धड पचत नाही. म्हणजे आमचं पहिलं पापसुद्धा फुकट गेलं म्हणायचं!) दुधानंतर सुकट आली. सुकटीनंतर रविवारच्या बांगड्याचं डोकं. आणि मग एके दिवशी हिनं वरच्या फळीवरून, आमच्या लग्नात आहेरात आलेली, नाव घातलेली स्टीलची वाटी काढली.

माझ्या मते खरी चोरी त्या दिवशी झाली. बशीत घालणं वेगळं. बशी ही पाहुण्याची. पण एकदा वाटी ठरली की, ताबा ठरला. त्या वाटीवर माझं नाव मांजराला वाचता येत नव्हतं, पण मला येत होतं.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त वकील आहेत. संध्याकाळी बाकावर त्यांना मी आपलं सहज विचारावं तसं विचारलं, "काय हो, दुसऱ्याच्या जनावराला खायला घालणं गुन्हा आहे का?" त्यांनी काठीवर हनुवटी टेकली. बारा वर्षांत कोणी त्यांना कायद्याचं विचारलं नव्हतं. म्हणाले, "1860 च्या दंडसंहितेत कलम 378, चोरी. त्याखाली उदाहरण दिलंय. एक माणूस खिशात कुत्र्याला आवडणारं खाणं ठेवतो. दुसऱ्याचा कुत्रा त्या वासानं त्याच्या मागे चालू लागतो. हेतू अप्रामाणिक असेल, तर कुत्र्यानं चालायला सुरुवात केली त्या क्षणी चोरी झाली. घरी पोचायचीसुद्धा गरज नाही!"

"पण आता ती दंडसंहिता राहिली नाही ना?"

"1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता. कलम 303. उदाहरण तेच."

म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं झाली, साहेब गेले, कायद्याचं नाव बदललं, कलमाचा आकडा बदलला, पण तो कुत्रा त्या खिशामागे अजून चालतोच आहे. मी म्हटलं, "पण ते कुत्र्याचं झालं." वकीलसाहेबांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाले, "जनावर कोणतंही घ्या. मुद्दा हेतूचा आहे."

हेतू! रात्री मी अंथरुणावर पडून आमच्या हेतूची तपासणी केली. मांजर वरच्यांच्या ताब्यातून काढून घ्यावं, असं आमच्या मनात होतं का? मुळीच नाही. त्यानं यावं, बसावं, चार घास खावेत, एवढंच. पण मग एक गोष्ट आठवली आणि झोप उडाली. रोज रात्री आठ वाजता वरच्या गॅलरीतून त्या मुलाची हाक यायची, "सिंबा! सिंबाऽ!" आमच्या सोफ्यावर पसरलेले भाऊसाहेब एक कान उचलायचे, तो परत ठेवायचे, आणि झोपायचे. ती आणि मी एकमेकांकडे बघून हसायचो. ते हसू काही बरं नव्हतं. मांजर आल्याचा आनंद वेगळा आणि ते गेलं नाही याचा आनंद वेगळा. दुसऱ्या आनंदात वर एक मुलगा कठड्याशी उभा होता.

हिला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच! देवकीनं जन्म दिला, पण कृष्ण यशोदेचाच ना?" हा मोठा बिनतोड मुद्दा वाटतो, पण यशोदेला बिचारीला अदलाबदल ठाऊकच नव्हती. आम्हांला पट्टा दिसत होता. मग मी शाळेतला धडा आठवून पाहिला. देवदत्तानं बाण मारलेला हंस सिद्धार्थानं वाचवला, आणि मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा ठरला. पण भाऊसाहेबांना आम्ही कशातून वाचवलं होतं? दुपारच्या जेवणातून रात्रीच्या जेवणापर्यंत.

उरला शेवटचा आणि सगळ्यांत सोयीचा मुद्दा: मांजरानं स्वतःच निवड केली, आपण कोण अडवणार? यात तथ्य नाही असं नाही. मांजराची जात मुळात स्वतंत्र. माणसानं धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं आणि त्यानं माणसाच्या घरी स्वतःची नेमणूक करून घेतली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. 2004 मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे हे नातं आजचं नव्हे. आपल्याकडेही मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. एका घरानं त्याचं भागत नाही. एवढंच काय, ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या निवासस्थानी हम्फ्री नावाचा बोका होता. 1995 साली तो नाहीसा झाला. गेला बिचारा, असंच सगळ्यांनी धरलं, वर्तमानपत्रांतून तसं छापूनही आलं. आणि नंतर तो जवळच्याच सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात खुशाल सापडला. तिथल्यांनी त्याला बेवारशी समजून ठेवून घेतलं होतं आणि 'पेट्रोल कार' असं दुसरं नावही दिलं होतं. प्रत्यक्ष पंतप्रधानांच्या घरचं मांजर जर शेजारी जेवतं, तर दुसऱ्या मजल्यावरच्यांनी वाईट का वाटून घ्यावं?

हे सगळं मी स्वतःला पटवत आणलं होतं. एकच कुसळ राहिलं. स्वतः निवड केली म्हणतो खरी, पण त्या निवडीआधी सुकट कोणी दाखवली? आमदार पक्ष बदलतात तेव्हा तेही सदसद्विवेकबुद्धीला स्मरूनच बदलतात. तरी 1985 साली त्याच्याविरुद्ध कायदा करावा लागलाच.

दिवाळीनंतर भाऊसाहेब चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर वहीचा कागद लागला. अक्षर मुलाचं होतं. सिंबा आजारी आहे, त्याची लघवी अडली होती, डॉक्टरांनी पथ्याचं खाणं सांगितलं आहे, कृपया दुसरं काहीही देऊ नये. खाली सिंबाचं चित्र होतं, हसरं. बोक्यांना हा विकार होतो. त्यांची मूत्रनलिका अरुंद असते, तीत खडे किंवा मळ अडकतो, आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. भूल देऊन नळी घालावी लागते. हे सगळं तळमजल्यावरचे अण्णा जमलेल्यांना समजावून सांगत होते. "लोकांना अक्कल नसते हो," अण्णा म्हणाले, "दिसलं मांजर की घाल खायला!" सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांत माझीही होती.

त्याच संध्याकाळी वरच्या वहिनी दारोदार विचारत आल्या. "काका, तुम्ही काही देत नव्हता ना त्याला?"

मी उत्तर द्यायच्या आत ही म्हणाली, "छे गं, आम्ही कुठले!" आणि मी म्हटलं, "नाही हो."

आता हे मी विनोदी लेखात का लिहितो आहे, मला माहीत नाही. पण साठ वर्षांत पेरू, टाचण्या, कार्बन पेपर मिळून जेवढं ओझं झालं नव्हतं, तेवढं त्या दोन शब्दांचं झालं. वाटी आम्ही घासून परत फळीवर ठेवली. भाऊसाहेब बरे होऊन पुन्हा खिडकीत आले, तेव्हा आम्ही दोन दिवस कडक राहिलो. तिसऱ्या दिवशी तो ओट्यापाशी बसून नुसता बघत राहिला. ही म्हणाली, "एवढीशी." एवढीशी सुकट दिली. मग परवा एवढीशी. आठवड्यात त्याची तब्येत पुन्हा बिघडली.

आणि मग तो मुलगा आला. हातात वही. डॉक्टरांनी त्याला सिंबानं कधी शू केली ते लिहून ठेवायला सांगितलं होतं. रकाने आखलेले, वार, वेळ, 'थोडी', 'बरी', 'नाही'. म्हणाला, "आजोबा, दुपारी तो तुमच्याकडे झोपतो ना, तेव्हा करतो का ते मला सांगाल? मी शाळेत असतो." मी हो म्हटलं. तो दारातून वळला आणि म्हणाला, "तुम्ही त्याला काही देत नाही, म्हणून तुमच्याकडे येऊ देतो मी. बाकीच्यांचा भरवसा नाही."

त्या रात्री आम्ही दोघं वर गेलो. हिनं जाताना डब्यात बेसनाचे लाडू घेतले. कबुलीजबाबालासुद्धा रिकाम्या हातानं जाऊ नये, असं आमच्याकडे आहे. मी सगळं सांगितलं. वाटीचंही सांगितलं. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खायला घातलंत त्याचं एवढं नाही, काका. मी विचारलं तेव्हा सांगायचं होतं. आम्ही डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं, पथ्याशिवाय कण जात नाही. ते म्हणाले, मग हे पथ्य लागू पडत नाही, औषधच बदलू." म्हणजे आमची सुकट मांजराच्या पोटात गेली आणि आमचं खोटं डॉक्टरांच्या डोक्यात. मी बिलाचे पैसे देऊ केले. त्या म्हणाल्या, "पैसे नकोत. खिडकी बंद ठेवा." मुलगा वही पोटाशी धरून दाराआड उभा होता. तो काहीच बोलला नाही.

खिडकी बंद ठेवली. आठ दिवस भाऊसाहेब बाहेरच्या कट्ट्यावर येऊन काचेला गाल घासत होते. मांजराच्या गालात वासाच्या ग्रंथी असतात. गाल घासून ते ती वस्तू आपली असल्याची खूण ठेवतं. कोण कोणाच्या मालकीचं, याबद्दल त्याचं मत स्वच्छ होतं. ही स्वयंपाकघरात पाठ फिरवून उभी राहायची. उपाशी नसलेल्याला न वाढणं एवढं अवघड असेल, असं आम्हांला वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी मुलगा आला आणि माझ्या हातात एक छोटी डबी दिली. आत पथ्याच्या खाण्याचे वीस दाणे, मोजलेले. "दुपारचे हे तुम्ही द्या," म्हणाला. "वीसच." हिनं फळीवरची वाटी काढली आणि त्याला दाखवली, चालेल ना म्हणून. त्यानं वाटीवरचं नाव वाचलं आणि मान हलवली.

भाऊसाहेबांनी दाणे हुंगले. माझ्याकडे पाहिलं. पंजानं वाटीवर माती ओढल्यासारखं केलं आणि घुंगरू वाजवत खिडकीतून खाली उतरले. मी वाकून पाहिलं. तळमजल्यावरच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीमागे, एक बशी होती. सुकटीचा वास मला वरपर्यंत आला.

मी चपला घालून खाली गेलो. अण्णांनी दार उघडलं.

"अण्णा, तुम्ही त्या मांजराला काही देता का हो?"

अण्णांनी गॅलरीचं दार मागच्या मागे लोटलं.

"छे हो," ते म्हणाले, "तो आपला आपण येतो."