चित्रात नसलेला दुष्यंत

कुंडलच्या आमच्या जुन्या घरी माजघराच्या भिंतीवर राजा रविवर्म्याच्या शकुंतलेची छापील तसबीर असे. पायात काटा रुतल्याचे निमित्त करून, सखीच्या आधाराने उभी राहून मागे वळून पाहणारी ही तरुणी वाचकांच्या परिचयाची आहेच. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईस छापखाना काढल्यावर त्याची चित्रे घरोघर पोचली. आणि कुंडल तर १९४८ पर्यंत औंध संस्थानातले, जेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतःच चित्रकार! आमच्या भागात चित्रांचे अगत्य असावे यात नवल नाही.

चित्र प्रणयाचे, पण त्यात प्रियकर नाही. कालिदासाने हा प्रसंग दुसऱ्या अंकात दुष्यंताच्याच तोंडून विदूषकास सांगविला आहे. दर्भ टोचला नसता ती थबकली आणि वल्कल अडकले नसता ते सोडवू लागली, ही दोन्ही निमित्ते राजानेच ओळखलेली. चित्रकाराने वल्कलांच्या जागी तिला वस्त्र नेसविले, त्यामुळे दुसरे निमित्त गळले. पण ती आश्रमकन्या आपल्याच घरची लेक भासू लागली. आणि राजास त्याने चौकटीबाहेर ठेवले. राजा रेखाटला असता तर ती दृष्टी त्याच्यापाशी जाऊन थांबली असती. आता ती थांबतच नाही.

रचना म्हणून हे अप्रतिम आहे; परंतु ते न्याय्य आहे काय? दुसऱ्याच्या कथेवर लुब्ध झालेला रसिक तीत फेरफार करतोच. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेस ओळखूनही लोकापवादाच्या भयाने भर सभेत नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणून त्याचा अपराध हलका केला. रविवर्म्याने तर आरोपीच नाहीसा केला! रसिकाचे प्रेम नायकास असे सोडवीतच जावयाचे असेल, तर नायिकेची बाजू कोणी घ्यावी?

पुष्कळ वर्षे माझे हेच मत होते, आणि वर्गात ते मी काहीशा आवेशाने सांगत असे. (प्राध्यापकास आवेश स्वस्त पडतो.) परंतु त्या माजघरातील एक गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही.

आमच्या आत्या लग्नानंतर दोनच वर्षांत माहेरी परत आल्या. यजमानांनी पुढे त्यांची चौकशी केली नाही, आणि घरात तो विषय कोणी काढीत नसे. ती तसबीर पुसण्याचे काम त्यांचे. मी महाविद्यालयात शाकुंतल शिकत होतो तेव्हा त्यांनी एकदा विचारले, "हिचा राजा कुठे रे उभा आहे?" मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आपण उभे आहोत ना, तिथेच!"

आत्यांनी मागे वळून पाहिले. मागे पाटाची उतरंड होती आणि परसात उघडणारे दार होते.

"मग हिचे बरे आहे," त्या म्हणाल्या. "तो निदान बघत तरी होता."

मी ज्यास चित्रकाराचा पक्षपात म्हणत होतो, त्यात आत्यांस शकुंतलेचे भाग्य दिसले. राजास चित्रातून काढून तेथे पाहणाऱ्यास उभे करणे ही राजाची सुटका की आपली उलटतपासणी, हे मला अजून ठरविता आलेले नाही. मात्र शापाची कैफियत मी तेव्हापासून पूर्वीच्या समाधानाने शिकवू शकलो नाही. आत्या गेल्या त्यास आता बरीच वर्षे झाली. तसबीर माझ्याकडे आहे. काचेवर उजव्या कोपऱ्यात, शकुंतलेच्या पावलापाशी, रोजच्या फडक्याने पडलेला एक पुसट डाग आहे.