खोटें नाणें

हातांत आलेलें नाणें खोटें आहे असें मागाहून ध्यानांत आलें, तर तें दुसऱ्याच्या हातीं खपविण्याचा आपणांस अधिकार आहे काय? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. रुपया-दोन रुपयांच्या गोष्टीसाठीं नीतिशास्त्र कशाला उकरावयाचें, असें पुष्कळांना वाटेल. परंतु मनुष्याच्या नीतीची परीक्षा मोठ्या प्रसंगीं होते, हें म्हणणें मला अर्धेंच खरें वाटतें. मोठ्या प्रसंगीं पाहणारे पुष्कळ असतात. खोटा रुपया पुढें सरकवितांना मात्र पाहणारे आपण एकटेच असतों. शिवाय, एरवीं सचोटीनें वागणाऱ्या माणसांचेंही मन येथें डगमगतें. पेढीवर कवडीचाही अपहार न करणारा गृहस्थ सांजच्या अंधुक उजेडांत भाजीवालीच्या टोपलींत बद्द वाजणारें नाणें टाकून मोकळा होतो, आणि ‘मला कोणीं दिलें, मीं कोणाला दिलें,’ एवढ्या एका वाक्यानें मनाची समजूत घालतो.

हा वाद दोन हजारांहून अधिक वर्षांचा आहे. रोमचा वक्ता सिसेरो यानें इसवी सनापूर्वीं ४४ व्या वर्षीं, अथेन्स येथें शिकत असलेल्या आपल्या मुलासाठीं कर्तव्यविषयक एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागांत, हित आणि सचोटी यांचा विरोध दिसूं लागला म्हणजे काय करावें याची चर्चा करतांना, त्यानें नेमकें हेंच उदाहरण घेतलें आहे. शहाण्या मनुष्यानें नकळत खोटीं नाणीं खरीं समजून घेतलीं. पुढें त्याला तें कळलें. आतां आपलें देणें फेडतांना त्यानें तीं खरीं म्हणून द्यावीं काय? बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, द्यावीं. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, देऊं नयेत. (मोठ्या रांजणांत राहणारा प्रसिद्ध डायोजिनीस तो हा नव्हे, त्याच्या घराण्यावर तर नाणीं बिघडविल्याचाच आरोप होता!) गुरु-शिष्य दोघेही स्टोइक पंथाचे. सिसेरो शिष्याच्या बाजूनें कौल देतो. परंतु एकादोन ओळींतच प्रश्न निकालांत काढून तो पुढच्या उदाहरणाकडे वळतो. या घाईमुळें गुरूवर थोडा अन्याय झाला आहे असें मला वाटतें.

कारण डायोजिनीसचा पक्ष इतका लेचापेचा नाहीं. खोटें नाणें पाडणारा कोणी तिसराच. तें दहा हातांतून फिरलें, नऊजणांनीं पाहिलें नाहीं, दहाव्यानें पाहिलें. नुकसान दहाव्यानें सोसावें, तें कां? पाहिलें म्हणून? म्हणजे डोळे उघडे ठेवण्याबद्दल हा दंडच झाला. शिवाय नाणें कांहीं खावयाची वस्तु नव्हे. भेसळीचें तूप खाणाऱ्याच्या पोटांत जातें; नाणें केवळ एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें. तें चालत राहिलें तर कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं. थांबविलें कीं मात्र थांबविणारा बुडतो.

यांतील दुसरा मुद्दा आधीं घेऊं. नाण्याचें खोटेपण कशांत असतें? धातूंत, असें आपण सहज म्हणतों. पण तें तपासून पाहिलें पाहिजे. १८९३ पर्यंत हिंदुस्थानांत कोणीही आपली चांदी टांकसाळींत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊं शकत असे. त्या वर्षीं सरकारनें ही मुभा बंद केली, आणि तेव्हांपासून रुपयाची किंमत त्यांतील चांदीच्या किंमतीपासून सुटी झाली. १९४० मध्यें रुपयांतील चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्यें ती अजीबात जाऊन निकेल आलें, आणि आजचा रुपया तर स्वयंपाकघरांतील ताटवाट्यांच्या जातीच्या पोलादाचा आहे. तरीही तो खरा आहे. उलट, एकाद्या ठगानें अस्सल चांदीचा रुपया आपल्या घरीं पाडला असता, तरी तो खोटाच ठरला असता. तेव्हां खोटेपण धातूंत नसून छापांत आहे. छाप म्हणजे साक्ष. ज्या राज्याचें नांव त्या तुकड्यावर आहे, तें राज्य त्याच्या मोलाबद्दल जामीन आहे, असें ती साक्ष सांगते. खोट्या नाण्यावर ती साक्षच बनावट असते. न जाणतां तें देणारा मनुष्य ऐकीव खोटें भाबडेपणानें सांगणाऱ्यासारखा निर्दोष होय. परंतु कळल्यावर देणाऱ्यास ही सवलत उरत नाहीं. वाक्य तेंच असलें तरी बोलणारा आतां लबाड झालेला असतो.

कायद्यानेंही हा भेद ओळखला आहे. अर्थशास्त्रांत कूटरूप पाडविणारा, घेणारा आणि चालविणारा या तिघांसही एकाच मापानें हजार पणांचा दंड आहे, आणि तें राजकोशांत घालणाऱ्यास देहान्त. राजाच्या तिजोरीची काळजी इतकी, भाजीवालीची तितकी नाहीं! १८६० ची दंडसंहिता, जी ३० जून २०२४ पर्यंत चालू होती, ती या बाबतींत अधिक माणुसकीची होती. घेतांनाच खोटें म्हणून ठाऊक असलेलें नाणें खपविणाऱ्यास तिनें कडक शिक्षा सांगितली होती. परंतु घेतांना अजाण असून मागाहून जाणतेपणीं पुढें चालविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा नाण्याच्या किंमतीच्या दहापटींपर्यंत दंड. फसलेल्या माणसाचा मोह कायद्यानें समजून घेतला, क्षम्य मात्र मानला नाहीं.

आतां पहिला मुद्दा, आणि खरी अडचण येथें आहे. नुकसान कोणीं सोसावें? डायोजिनीस म्हणतो तसें नाणें नुसतें ‘फिरत’ नाहीं. पाण्याप्रमाणें त्यालाही उतार असतो. तीक्ष्ण नजरेच्या माणसाकडून मंद नजरेच्या माणसाकडे, सराफाच्या पेढीवरून मोळीवाल्याच्या पदरीं, दिवसाच्या बाजारांतून रात्रीच्या बाजारांत तें उतरत जातें. ज्याला तें वाजवून पाहण्याची उसंत नाहीं, किंवा ज्याच्या पुढें सरकवूं पाहणाऱ्या हाताकडे जग संशयानेंच पाहतें, त्याच्यापाशीं तें अखेर येऊन थांबतें. आपण ओळखलेलें नाणें पुढें ढकलतों, तेव्हां तें आपल्याहून दुबळ्यावरच ढकलतों. कारण आपल्याहून चाणाक्ष मनुष्य तें घेणारच नाहीं. जुन्या महाराष्ट्रांत गांवोगांवीं नाणीं पारखणारा पोतदार असे, तो या दुबळ्यांसाठीं फार उपयोगाचा होता. आतां तो आडनांवापुरता उरला आहे.

ज्याच्या नांवाचा छाप, त्यानेंच नुकसान भरून द्यावें, हा न्याय मला सर्वांत सरळ वाटतो. परंतु तो पाळणें राजांनाही झेपलेलें नाहीं. महंमद तुघलकानें सुमारें १३३० च्या सुमारास चांदीच्या टंकाच्या मोलानें तांब्या-पितळेचीं नाणीं चालविलीं. घराघरांत टांकसाळी निघाल्या. अखेर त्यानें तीं सर्व परत घेऊन खजिन्यांतून सोनें-चांदी मोजून दिली, आणि तुघलकाबादेस तांब्याचे ढीग पडले. इतिहासकार याला वेडेपणा म्हणत आले आहेत. नाणीं काढणें वेडेपणाचें असेल; परत घेणें हा मला त्या सुलतानाच्या कारकीर्दींतील एक सचोटीचा दिवस वाटतो.

अथेन्सच्या लोकांनीं निराळी वाट काढली. तेथील बाजारपेठेच्या उत्खननांत १९७० मध्यें इसवी सनापूर्वीं ३७५ च्या सुमाराचा एक शिलालेख सांपडला. त्यांत असें आहे कीं, सरकारी गुलाम असलेल्या परीक्षकानें सराफांच्या मेजांपाशीं बसावें. आंत तांबें किंवा शिसें असलेलें नाणें आढळतांच तें तेथेंच कापून टाकावें, आणि तें देवमातेच्या मालकीचें व्हावें. आमच्याकडेही खोटीं नाणीं देवाला वाहण्याची चाल आहे, पण आम्ही तीं न कापतां, आणि बहुधा पुण्याच्या आशेनें, दानपेटींत टाकतों! नुकसान तेथेंही धारकाचेंच, पण तें नाणें पुन्हां कोणाला फसविणार नाहीं, एवढी तजवीज झाली होती. त्याच लेखांत आणखी एक कलम आहे, तें मला अधिक मोलाचें वाटतें: परीक्षकानें खरें ठरविलेलें नाणें जो दुकानदार घेणार नाहीं, त्याचा त्या दिवशीं मांडलेला सर्व माल जप्त करावा.

हें कलम अनाठायीं नव्हतें. खोटें चालविणें हा जसा अन्याय, तसाच खरें नाकारणें हाही. आणि तोही उताराच्याच दिशेनें जातो. दहा रुपयांचीं द्विधातूचीं नाणीं निघाल्यावर कांहीं वर्षांनीं अशी वदंता पसरली कीं, ज्यावर रुपयाचें नवें चिन्ह नाहीं तें नाणें खोटें. जानेवारी २०१८ मध्यें रिझर्व्ह बँकेला जाहीर करावें लागलें कीं, त्या नाण्याचे चौदा निरनिराळे छाप निघाले असून सर्व खरे आहेत. तरीही कित्येक गांवांत दुकानदार मान हलवीतच राहिले. शहरांतल्या गृहस्थाचें यांत कांहीं अडलें नाहीं. त्यानें नोट काढून दिली. बाजाराच्या दिवशीं दोन पेंढ्या मेथी विकून आलेल्या म्हातारीला मात्र कोणीं तें पत्रक वाचून दाखविलें नव्हतें. दुकानदारानें परत सारलेलें खरें नाणें तिनें उलटेंपालटें करून पाहिलें, आणि साखर न घेतांच तें पुन्हां पदराच्या गांठीला बांधलें.